अंबील, चहा आणि वेगळा कप

वेळ अमावास्येला लातूर-नांदेडकडचा शेतकरी रानात अंबिलाची बिंदगी मांडतो आणि वाटसरूलाही हाक मारून पाजतो. चहा त्यामानाने उपरा. आसामचा चहा लंडनच्या लिलावात गेला १८३९ साली. येथल्या मजुराला त्याची गोडी लागली ती १९०३ च्या उपकरावर चाललेल्या प्रचाराने, गिरण्यांच्या दारांत दुकाने मांडून.

हा पाहुणा जातीच्या उंबरठ्यावर मात्र अडखळला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक प्रभृतींपुढे चहा-बिस्किटे आली; गोपाळराव जोशांनी हजर मंडळींची नावे छापविली आणि ग्रामण्य उभे राहिले. रानड्यांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले.

ते प्रकरण विद्वानांचे, म्हणून ग्रंथांत नोंदले गेले. आमच्या हमालांचे कोठे नोंदले आहे? राज्यघटनेने १९५० सालीच हॉटेले सर्वांना खुली केली. तरी युनियनच्या कामाने हिंडताना एका जत्रेत आम्ही वेगळा कप छपराला खोचलेला पाहिला. आम्ही सारेच बाहेर बसलो आणि एकेकाने त्याच कपातून चहा मागितला. मालकाने घटकाभर पाहिले. मग मुकाट्याने आतले कप बाहेर आणले.