‘माती खाल्ली’ : वाक्प्रचारामागचा जुना आजार

#इतिहास #थ्रेड

१/ मराठीत ‘माती खाल्ली’ म्हणजे लाजिरवाणी चूक केली. पण नांदेड-लातूरकडच्या अनेक घरांत हे शब्द अक्षरशः खरे ठरतात. भिंतीचे पोपडे खाणारे मूल, पाटीवरची पेन्सिल कुरतडणारी मुलगी, चुलीची भाजकी माती चाखणारी गर्भवती. ही खोड की आजार?

२/ किमान दीड हजार वर्षांपूर्वी चरकसंहितेने याचे उत्तर दिले. चिकित्सास्थानाच्या १६व्या अध्यायात पांडुरोगाचे ५ प्रकार आहेत. पाचवा माती खाल्ल्याने होणारा. त्यात रोगी फिकट पडतो, डोळ्यांभोवती व पायांवर सूज येते, पोटात कृमी होतात.

३/ कारणही दिले आहे. माती न पचताच स्रोतसांत भरते आणि त्यांचा मार्ग रोधते. ‘स्रोतस’ ही संकल्पना आतड्यापुरती नाही. तरीही मातीने तुंबलेले आतडे आजच्या शल्यचिकित्सकालाही परिचित आहे.

४/ उपचार दोन टप्प्यांचा. प्रथम रोग्याचे बळ पाहून तीक्ष्ण रेचकाने माती बाहेर काढावी. इतके करूनही ओढ सुटत नसेल, तर वावडिंग, अतिविष, कडुनिंब, कुटकी अशा द्रव्यांच्या भावना दिलेली मातीच खाऊ घालावी, म्हणजे तिचा तिटकारा येईल.

५/ ओढ अनावर असू शकते, हे ग्रंथकाराने गृहीत धरले होते. म्हणूनच त्याने केवळ पोटाची नव्हे, त्या ओढीचीही चिकित्सा सांगितली.

६/ ही परंपरा मराठवाड्यातही नांदत होती. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही हा पांडू येतो. त्याच ग्रंथावर १३व्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली.

७/ चरकाच्या त्याच अध्यायात नवायस चूर्ण व मंडूरवटक ही लोहयुक्त औषधे आहेत. रक्तातील लोहाची कल्पना तेव्हा नव्हती. आज दिसते ते असे : या ओढीसोबत पुष्कळदा लोहाची कमतरता असते आणि ती भरून काढल्यावर अनेकांची ओढ ओसरते.

८/ इतिहास वाचून घरी रेचक मात्र देऊ नये, आतडे तुंबले असल्यास ते घातक ठरते. घरात कोणी चोरून माती वा पेन्सिल खात असेल, तर दटावण्याआधी रक्त तपासून घ्यावे. लाजेपोटी लपवलेली सवय अनेकदा पोट फुगून उलट्या सुरू झाल्यावरच उघड होते.