पहिलेपणाचा मान

1977 सालचं कलकत्ता. काचेच्या त्या छोट्या नळीवर नीट वाका. आत डोळ्यांना दिसणारही नाही एवढा गर्भ आहे. गोठताना पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात, म्हणून तो डीएमएसओ नावाच्या द्रावणात ठेवलाय. नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये उतरते, पांढरी वाफ तुमच्या मनगटावरून ओघळते. आता 53 दिवस थांबायचं.

थांबायचं का, तेच डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं खरं शहाणपण. एकापेक्षा जास्त बीजं मिळावीत म्हणून त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं दिली. पण त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर त्या महिन्यात बिनसतं. मग गर्भ गोठवा, पाळीचं चक्र पूर्वपदावर येऊ द्या, आणि नंतर आत सोडा. इंग्लंडात जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या, लुईस ब्राऊनच्या वेळी नैसर्गिक चक्रातलं एकच बीज घेतलं होतं.

3 ऑक्टोबर 1978. पूर नुकताच ओसरलाय, पूजा तोंडावर आलीये. मुलगी जन्मते, लुईसपेक्षा अवघी 70 दिवसांनी धाकटी. जग तिला दुर्गा म्हणून ओळखेल.

नोव्हेंबरात चौकशी समितीसमोरच्या खुर्चीत तुम्हीही बसून बघा. हे काम जाणणारं समोर कुणी नाही. टेस्ट ट्यूब बेबीचा दावा खोटा ठरवला जातो. जपानचं निमंत्रण येतं, डॉक्टरांना जाऊ देत नाहीत. जून 1981 मध्ये त्यांची बदली होते, तीही डोळ्यांच्या संस्थेत. 19 जूनला ते आपलं जीवन संपवतात. इथे तुमचाही पाय निघणार नाही.

तरी चला, मुंबईत परळला. 6 ऑगस्ट 1986, केईएम रुग्णालय. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मते. देश तिला आपली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो.

आता 1997. कोलकात्यात आनंदकुमारांच्या हाती मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी पडतात. ते एकेक पान वाचतात, ताडून बघतात. आणि लिहून छापतात की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या हातातला मान असा देणारा माणूस मला विज्ञानात दुसरा आठवत नाही.

आज पुण्या-नागपूरच्या कुठल्याही आयव्हीएफ सेंटरमध्ये ‘फ्रोझन ट्रान्सफर’ हा शब्द रोज ऐकू येतो. तुमच्या घरातल्या कुणाच्या फाइलवर तो दिसला, तर त्यांना सुभाष मुखोपाध्याय हे नाव जरूर सांगा.