रिओचा वर्ग आणि साखरेचा खडा

रिचर्ड फाइनमन यांचे नाव भौतिकशास्त्र शिकलेल्यांना ठाऊक असते. १९६५ चे नोबेल पारितोषिक तिघांत विभागून दिले गेले, त्यांपैकी ते एक. पण हे गृहस्थ काही काळ पोर्तुगीजचे नवशिके विद्यार्थी होते आणि त्याच काळात ब्राझीलमधल्या कॉलेजच्या मुलांचे शिक्षकही होते. ही हकीकत त्यांनी १९८५ साली निघालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितली आहे. भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरालाही ती विचार करायला लावते.

फाइनमन आधी स्पॅनिश शिकत होते. ब्राझीलचे शास्त्रज्ञ झायमे तिओम्नो यांचे बोलावणे आले आणि त्यांना पोर्तुगीजकडे वळावे लागले. १९४९ साली रिओ दी जानेरोत भौतिकशास्त्राचे संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी ते काही आठवडे तिथे गेले. त्यांची पोर्तुगीज गमतीदार होती. 'म्हणून' या साध्या शब्दासाठी त्यांना कोशात 'कोन्सेक्वेन्तेमेन्ते' हा भारदस्त शब्द सापडला. तोच ते सर्रास वापरत. लोक हसत असतील, पण बोलणे थांबले नाही.

ब्राझीलच्या विज्ञान अकादमीत त्यांचे व्याख्यान होते. त्यांच्या आधी बोललेल्या स्थानिक शास्त्रज्ञांनी पाहुण्यासाठी कष्टाने इंग्रजीत भाषण केले, आणि ते पाहुण्याला नीट कळलेच नाही. फाइनमन उठले आणि आपल्या मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये बोलले. सभा खूश झाली. त्यानंतरचा वक्ताही मग आपल्याच भाषेत बोलला.

१९५१-५२ मध्ये ते पुन्हा दहा महिन्यांसाठी रिओला गेले. या वेळी पुढे शिक्षक होऊ पाहणारी मुले त्यांच्यासमोर होती. प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर प्रश्न विचारला की मुले ब्रूस्टरचा नियम घडाघड म्हणत. विशिष्ट कोनातून परावर्तित झालेला प्रकाश ध्रुवित असतो, हे त्यांना तोंडपाठ होते. वर्गाच्या खिडकीतून खाडीचे पाणी दिसत होते. पोलरॉइडच्या पट्टीतून त्या पाण्याकडे बघा आणि पट्टी फिरवा, असे फाइनमननी सांगितले. पट्टी फिरताच चकाकी कमीजास्त होऊ लागली आणि मुले चकित झाली. पुस्तकातले 'माध्यम' म्हणजे समोरचे पाणी, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

कोणी प्रश्न विचारला, तर वर्ग सुटल्यावर बाकीची मुले त्यालाच बोल लावत: आमचा वेळ का वाया घालवतोस?

मला यातली उलटापालट विलक्षण वाटते. शिक्षकाची पोर्तुगीज चुकांनी भरलेली, पण जिवंत होती. विद्यार्थ्यांचे भौतिकशास्त्र बिनचूक, पण निर्जीव होते. ज्या शब्दामागची वस्तू कधी पाहिली नाही, तो मातृभाषेतला असला तरी परकाच राहतो.

आता आपल्या घरात येऊ. परावर्तनाला उर्दू माध्यमाच्या पुस्तकात 'इनइकास' म्हणतात. हा अरबी शब्द इब्न अल-हैसम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाज़िर' या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात याच अर्थाने वापरला. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने दृष्टी आणि प्रकाश यांविषयीची मते प्रयोगाने तपासली. टॉलेमीसारख्या थोर ग्रीकावर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथही लिहिला. थोरांनी म्हटले म्हणून ते खरे, हे त्यांना मान्य नव्हते.

आपल्या जलशांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. घ्यायलाच हवे. पण त्याच मोहल्ल्यातले मूल 'इनइकास'ची व्याख्या रट्टा मारून पाठ करते. दहावीनंतर विज्ञान शाखेत गेले की इंग्रजीतून तीच व्याख्या पुन्हा पाठ करते. शेजारचा मराठी माध्यमातला मुलगा 'परावर्तन' घोकतो. शब्द तीन, आणि आरसा हातात घेऊन कोन मोजलेला एकानेही नाही. वारसा सांगायचा इब्न अल-हैसमचा आणि वर्ग चालवायचा रिओसारखा, हे कसे जमावे?

भाषेच्या तासालाही हेच होते. मराठी चुकेल म्हणून आपली मुले बँकेत, तहसीलमध्ये गप्प उभी राहतात. चूक करत बोलणाऱ्याला हसू नये, एवढे जरी आपण शिक्षकांनी सांभाळले, तरी निम्मे काम होईल.

त्या मुक्कामाच्या शेवटी फाइनमननी जाहीर भाषणात सांगितले, की इथे विज्ञान शिकवलेच जात नाही. त्यांनी पाठ्यपुस्तक मधेच उघडले. स्फटिक चिरडल्यावर जो प्रकाश निघतो त्याला अमुक म्हणतात, एवढेच तिथे होते. त्याऐवजी, अंधारात साखरेचा खडा पक्कडीने फोडा, निळसर चमक दिसेल, असे लिहिले असते तर एखाद्या मुलाने घरी जाऊन करून पाहिले असते, असे ते म्हणाले.

पोर्तुगीजमध्ये साखरेला 'असूकार' म्हणतात. तो शब्द अरबी 'अस-सुक्कर'वरून आला, आणि त्याचे मूळ आपल्याच 'शर्करे'त आहे. शब्द एवढा लांब जाऊन आला. आज रात्री दिवा मालवून मुलांसमोर खडीसाखरेचा एक खडा फोडून पाहू या. अंधाराला डोळे सरावेपर्यंत थोडे थांबावे लागेल, इतकेच.