हात मंद की धागा कच्चा?

मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासात एक आरोप पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो : इथल्या विणकराचा हात मंद आहे. लँकेशायरचा विणकर चार माग सांभाळतो आणि मुंबईचा दोनच. मग मजुरी स्वस्त असूनही कापड स्वस्त कसे पडणार, असा हा युक्तिवाद. मालक तो करीत, परदेशी तज्ज्ञ करीत, आणि १९२७च्या टॅरिफ बोर्डासमोरही तो मांडला गेला. कुणी हवामानाला दोष दिला, कुणी आहाराला, कुणी ‘पौर्वात्य स्वभावा’ला. सगळ्यांचा रोख एकच होता. दोष माणसाच्या अंगात आहे.

मी भिवंडीचा. इथल्या कारखान्यांत आज एकच माणूस चार साधे यंत्रमाग चालवतो, काही ठिकाणी सहा-आठही. शहराचा पाया घालणारे मोमीन विणकर १८५७नंतरच्या दशकांत उत्तर प्रदेशातून स्थलांतर करून आले. त्यांचेच भाऊबंद मुंबईत मदनपुऱ्यात राहून गिरण्यांच्या साळखात्यात काम करीत. माणसे तीच, मुलूख तोच. मग दोन माग सांभाळणाऱ्याचा हात पुढच्या पिढ्यांत दुप्पट-चौपट जलद झाला काय? या प्रश्नाचा माग काढताना मला दोन इतिहास शेजारीशेजारी ठेवून वाचावे लागले. एक गिरणी कामगारांचा आणि दुसरा माणसाच्या हालचालीचा वेग मोजणाऱ्या शास्त्राचा.

या दुसऱ्या इतिहासाची सुरुवातही एका नोकरी गेलेल्या माणसापासून होते. १७९६ साली इंग्लंडातील ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन यांनी डेव्हिड किनेब्रूक या मदतनिसाला कामावरून काढले. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकतो तो क्षण घड्याळाच्या ठोक्यांशी ताडून नोंदवायचा, असे ते काम होते. किनेब्रूकच्या नोंदी साहेबांच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिराच्या येत. ताकीद देऊनही फरक राहिला, तेव्हा तो कामचुकार ठरला. पुढे १८२०च्या दशकात जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी नामांकित निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि दाखवून दिले की कोणाही दोघांच्या वेळा जुळत नाहीत. म्हणजे किनेब्रूकचा फरक हा गुन्हा नव्हता, माणसाच्या घडणीचा भाग होता. मॅस्केलिन यांनी स्वतःची वेळ प्रमाण धरली होती, इतकेच.

त्यानंतर १८५०मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा आहे असे मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ मानत. तो निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे आजच्या लोकल गाडीच्या वेगाइतकाच. १८६८मध्ये नेदरलँड्समधील डॉन्डर्स यांनी पुढचे पाऊल टाकले. एकच खूण आणि एकच उत्तर असेल तर माणूस लवकर हात हलवतो. खुणा अनेक असून त्यांतून निवड करायची असेल तर वेळ वाढतो. हा वाढीव वेळ विचाराचा. १९५२मध्ये हिक यांनी पर्यायांची संख्या आणि लागणारा वेळ यांचे गणितच मांडले.

आज सर्वसाधारण निरोगी तरुण माणसाला दिवा लागलेला दिसल्यावर बोट हलवायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. आवाज ऐकून हलवायला त्याहून थोडा कमी. माणसामाणसांत फरक असतो, पण तो सेकंदाच्या काही शतांशांचा.

आता हा आकडा मागासमोर ठेवून पाहू. साधा यंत्रमाग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे मारतो असे धरू. म्हणजे सेकंदाला अडीच. धोट्याची एक फेरी ०.४ सेकंदाची. विणकर मागासमोरच उभा आहे आणि त्याच्या डोळ्यांदेखत ताण्याचा एक धागा तुटला, तर त्याला तो जाणवेपर्यंत अर्धी फेरी आणि हात दांड्यापर्यंत जाईतो आणखी एखादी फेरी झालेली असते. तो पाठमोरा, तिसऱ्या मागाची कांडी बदलत असेल तर कापडात पाच-सात आडवे धागे चुकीचे बसलेच. हात कितीही चपळ असला तरी ही शर्यत माणसाने जिंकण्यासारखी नाही. चपळ आणि मंद हातांतला शतांश सेकंदाचा फरक इथे दिसतही नाही.

यंत्र बनवणाऱ्यांना हे फार आधी कळले होते. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅकबर्नमध्ये केनवर्दी आणि बुलो यांनी जो लँकेशायर माग उभा केला, त्यात बाण्याचा धागा तुटला वा संपला की माग आपोआप थांबवणारा काटा होता. १८९०च्या दशकात अमेरिकेत आलेल्या नॉर्थ्रॉप मागाने संपलेली कांडी स्वतः बदलली आणि ताण्याचा धागा तुटला तरी तो थांबू लागला. त्यामुळे एका विणकराकडे सोळा आणि त्याहून अधिक माग देता आले. अमेरिकन विणकराचा हात काही एका रात्रीत चौपट जलद झाला नव्हता. त्याने जिथे धावायचे तिथे यंत्र धावू लागले होते.

मग एक माणूस किती माग सांभाळू शकतो हे ठरते कशावरून? तासाला धागे किती तुटतात यावरून. एका ताण्यात सहज दोन-तीन हजार धागे असतात. सूत चांगले, कांजी नीट बसलेली, हवेत पुरेसा ओलावा, तर तुटी कमी आणि विणकराला हिंडायला सवड. कापूस आखूड धाग्याचा, त्यात हलक्या प्रतीची भेसळ, तर दोन मागही पुरेसे होतात.

१९२८च्या संपाचे मर्म मला इथे दिसते. ससून गटाच्या गिरण्यांत आणि अन्यत्र ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली विणकरांकडे दोनऐवजी तीन माग देण्याच्या योजना आल्या. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने मुंबईचा जवळजवळ सगळा गिरणी उद्योग बंद राहिला. ना. म. जोशी, श्रीपाद अमृत डांगे प्रभृती त्या लढ्याच्या संयुक्त समितीत होते. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीसमोर हाच वाद चालला. कामगार आळसापोटी नकार देत नव्हते. सूत खराब आहे, तुटी जास्त आहेत, माग जुने आहेत, आणि मागे पडलो तर खराब कापडाचा दंड आमच्या पगारातून कापला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या भांडवलशाहीच्या उगमावरील १९९४च्या ग्रंथात दाखवले की स्वस्त मजूर आणि स्वस्त कच्चा माल यांवर बेतलेला धंदा हा मालकांनी निवडलेला मार्ग होता. कमी उत्पादकतेचे मूळ कामगाराच्या स्वभावात शोधणे पुरेसे नाही.

मोजमापाचा आधार घेऊन माणसांची प्रतवारी लावण्याची हौस केवळ मुंबईतली नव्हती. १८८४मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी हजारो लोकांच्या प्रतिक्रियेचा वेळ मोजला. तो बुद्धीचा मापदंड ठरेल अशी त्यांची आशा होती. ती फळली नाही. १८९५मध्ये बाश या अमेरिकन लेखकाने गोरे, कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकन अशा मोजक्या माणसांचे वेळ ताडले, तेव्हा गोरे सर्वांत मंद निघाले. त्यावर त्याने काय निष्कर्ष काढावा? गोरे अधिक विचारी आहेत म्हणून मंद, आणि बाकीचे आदिम आहेत म्हणून जलद! मुंबईत मंद हात हीनपणाची खूण होता, तिकडे तोच श्रेष्ठत्वाची. फूटपट्टी तीच; निकाल आधीच ठरलेला.

आता भिवंडीकडे. इथे यंत्रमाग १९३०च्या दशकात येऊ लागले, आणि त्यांतले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीकडे वळले. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणाने ते इथेच स्थिरावायला मदत केली. शांतीनगर, गौरीपाडा, खाडीपार, पद्मानगर असे गल्लोगल्ली माग खडखडू लागले. १९२८मध्ये ज्या तिसऱ्या मागासाठी सहा महिने गिरण्या बंद राहिल्या, त्याच्याही पुढचा चौथा माग इथे कोणत्याही समितीशिवाय, चौकशीशिवाय माणसाच्या गळ्यात आला.

तो कसा? एक कारण धागा. कृत्रिम आणि मिश्र धागा सुतापेक्षा चिवट, त्यामुळे तुटी कमी. दुसरे कारण संथ माग. गिरण्यांतले माग याहून वेगाने चालत. तिसरे कारण वेळ. १९२८च्या गिरणीत दिवस दहा तासांचा होता. इथे पाळी बारा तासांची, एक दिवसाची आणि एक रात्रीची. मजुरी कापडाच्या मापावर, तेव्हा माग थांबला की कमाई थांबली. यात हाताच्या वेगात वाढ झाल्याचा पुरावा कुठेच नाही. उलट, हात मंद करणाऱ्या सगळ्या गोष्टी इथे एका छपराखाली जमल्या आहेत.

आवाजाचेच घ्या. कसलेला विणकर माग पाहून नव्हे, ऐकून चालवतो. पाठमोरा असतानाही कोणत्या मागाचा ठोका बदलला हे त्याला कळते, आणि कान डोळ्यापेक्षा जलद असतो हे शास्त्रानेही सांगितले आहे. पण आठ तासांसाठी ९० डेसिबल ही जी आवाजाची मर्यादा कारखान्यांसाठी घातली आहे, ती धोट्याच्या मागांचे कारखाने सहज ओलांडतात, आणि इथे तास आठ नव्हेत, बारा. ज्या कानाच्या जोरावर माणूस जलद असतो, तोच कान माग हळूहळू खाऊन टाकतो.

उष्म्याचे तसेच. ब्रिटनमध्ये एस. वायट यांनी विणकाम खात्यातील हवेचा अभ्यास केला. १९२३मध्ये तो प्रसिद्ध झाला. ओलावा वाढला की धागे कमी तुटतात, पण दमट उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की विणकरच मंदावतो. धाग्याला मानवते ते माणसाला मानवत नाही. खाडीकाठच्या भिवंडीत पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात उभे राहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

आणि झोप. सतरा तास सलग जागा असलेल्या माणसाची डोळा-हाताची जुळणी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्याइतकी बिघडते, असे डॉसन आणि रीड यांनी १९९७मध्ये दाखवले. त्याआधी १९४८मध्ये मॅकवर्थ यांना आढळले होते की एकसुरी खुणेवर लक्ष ठेवणारा माणूस अर्ध्या तासातच खुणा चुकवू लागतो. रात्रपाळीत पहाटे चारला पट्ट्यात किंवा धोट्यात बोट सापडते, तेव्हा ‘लक्ष नव्हते’ असे म्हटले जाते. लक्ष नसणे ही एक मोजता येणारी अवस्था आहे, आणि तिची कारणे पाळीच्या वेळापत्रकात आहेत.

तरीही वयस्क विणकर टिकून राहतात, ते कसे? वयाच्या पंचविशीनंतर प्रतिक्रियेचा वेग हळूहळू उतरतो. १९८४मध्ये सॉल्टहाउस यांनी टंकलेखकांवर केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. वयस्क टंकलेखकांची बोटे चाचणीत मंद निघाली, पण टंकलेखनात ती तरुणांच्या बरोबरीने चालत. कारण ती माणसे मजकुरात पुढची अधिक अक्षरे आधीच वाचून ठेवत. अनुभवी विणकर हेच करतो. कोणती कांडी केव्हा संपेल, बीमच्या कोणत्या बाजूचे धागे कच्चे आहेत, याचा अंदाज तो मनात धरून फिरतो आणि माग थांबण्याआधीच तिथे पोहोचलेला असतो. लांबून पाहणाऱ्याला तो रमतगमत चालल्यासारखा वाटतो. १९२०च्या दशकातल्या तज्ज्ञांनी ज्याला मंदपणा म्हटले, त्यात हे शहाणपण किती होते, याची नोंद कुठल्या अहवालात सापडत नाही.

भिवंडीत आता धोट्याविना चालणारे, साध्या मागाच्या कितीतरी पट वेगाचे माग येत आहेत. त्यांच्याबरोबर ‘आमचा कामगार नव्या यंत्राला पुरा पडत नाही’ हे वाक्यही येत आहे. हे वाक्य मुंबईने शंभर वर्षांपूर्वी ऐकले आहे. ते बोलणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात : तासाला धागे किती तुटतात, पाळी किती तासांची आहे, कारखान्यात आवाज किती आहे आणि पत्र्याखाली पारा किती चढतो. हा हिशेब मांडल्यानंतरही काही फरक उरला, तर मग खुशाल माणसाच्या हाताकडे बोट दाखवावे.