गार पाण्यात बोटं पांढरी पडतात? नखाच्या मुळाशी दिसू शकतं कारण

पहाटे गार पाण्यात हात घातला की काहींची बोटं खडूसारखी पांढरी पडतात, मग निळी-जांभळी होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद. याला 'रेनॉ' म्हणतात. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉ यांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं. आपल्याकडे 'थंडी बाधली' म्हणून विषय संपतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो खरोखर तेवढाच असतो.

पण थोड्या जणांत ही स्क्लेरोडर्माची पहिली खूण असते. संधिवाताच्या घराण्यातलाच हा आजार. कातडी ताठ होते, पुढे अन्ननलिका, फुप्फुसं, मूत्रपिंडंही सापडतात. बोटं पांढरी पडण्यापासून इथपर्यंत यायला कधी कधी वर्षं लागतात. ओळख पटायला हवी ती याच काळात.

नखाच्या मुळाशी कातडीत बारीक रक्तवाहिन्या आडव्या पसरलेल्या असतात. निरोगी माणसात त्या केसाच्या आकड्यासारख्या, एका ओळीत, एका मिलिमीटरला साधारण सात किंवा जास्त दिसतात. स्क्लेरोडर्मात काही फुगतात, मध्ये रक्ताचे ठिपके येतात, नंतर नांग्या पडलेल्या पिकासारखी ओळ विरळ होते. २०१३ च्या अमेरिकी-युरोपीय निकषांत या आजारासाठी नऊ गुण लागतात. त्यातले दोन या वाहिन्यांच्या बिघाडाला आहेत.

यासाठीचं खास यंत्र लाखांत जातं. मात्र कॉम्प्युटरला जोडायचा यूएसबी मायक्रोस्कोप काही हजारांत मिळतो. त्वचारोगतज्ज्ञांकडच्या दहापट मोठं दाखवणाऱ्या डर्मोस्कोपनेही फुगलेल्या वाहिन्या कळतात. बारीक मोजणीला दोनशेपट लागते. सुई नाही, दुखणं नाही. पंधरा-वीस मिनिटं खोलीत शांत बसायचं, नखाच्या कडेला तेलाचा थेंब टाकून बघतात. नेलपॉलिश काढून जावं. खुरपताना नखाकडेला लागलं असेल तर डॉक्टरांना सांगावं, नाहीतर तो ठिपका आजाराचा वाटायचा. सावळ्या कातडीत वाहिन्या जरा अवघड दिसतात, त्यामुळे बघणारा सरावाचा हवा.

गुडघेदुखीचं किंवा आमवाताचं निदान यातून होत नाही. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

बोटं सुजून जाड झाली, टोकाची जखम भरेना, दम लागू लागला किंवा तिशीनंतर हा त्रास नव्यानं सुरू झाला, तर संधिवाततज्ज्ञांकडे जावं. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पूर्ववत होतात, म्हणून पांढरी पडली की लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.