साहेब बघतायत!

साहेब केबिनमधून डोकावले की टाइपरायटरांचा कडकडाट का वाढायचा, यावर शास्त्र आहे म्हटलं असतं तर आमच्या हेडक्लार्कांनी पान थुंकून सांगितलं असतं, ‘‘शास्त्र कसलं? भीती!’’ अमेरिकन माणूस मात्र चिकाटीचा. त्याने त्यावर आठ वर्षं घालवली.

शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. टेलिफोनची यंत्रं बनवायचा. 1924 साली तिथे दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. गोष्ट अशी सांगतात, की दिवे वाढवले, काम वाढलं. कमी केले, तरी वाढलं. दोघांना तर चांदण्याइतक्या उजेडात बसवलं, तरी त्यांचे हात थांबेनात! (आमच्याकडे दिवे गेले की अख्खं ऑफिस चहाला जायचं आणि दिवे आले तरी परत यायचं नाही.) 2011 साली लेव्हिट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी ते जुने आकडे शोधून काढले, तर एवढा चमत्कार काही त्यांत दिसेना. पण गोष्ट तोवर जगभर फिरून आली होती.

1927 मध्ये पाच मुलींना वेगळ्या खोलीत रिले जोडायला बसवलं. मधली सुट्टी दिली, खाणं दिलं, घरी लवकर सोडलं. काम वाढलं. पुढे हार्वर्डचे एल्टन मेयो आले, आणि माणसाची विचारपूस केली की माणूस फुलतो, असं ठरलं. ठरू दे. पण पाचांतल्या दोघींना 1928 च्या जानेवारीत त्या खोलीतून काढलं होतं. का? तर फार बोलतात! जागी आल्या त्या दोघी हाताने भलत्याच चपळ. शिवाय पाचजणींचा पगार त्यांच्याच कामावर ठरत होता. आता विचारपूस किती आणि पगार किती, हे तुम्हीच बघा.

माझा जीव मात्र पुढच्या खोलीतल्या 14 पुरुषांवर जडला आहे. 1931 च्या नोव्हेंबरात त्यांच्याही खोलीत एक निरीक्षक वही घेऊन बसला. यांनी काय करावं? काही नाही! दिवसाचं काम किती, हे त्यांनी आपसांत ठरवलेलं होतं, तेवढंच केलं. जास्त झालं तर झाकून ठेवायचं, उद्याच्या हिशेबात दाखवायचं. एखादा फारच उरकायला लागला की शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा घालायचा. साहेबांना चुगली सांगायची नाही, हा दुसरा नियम. साहेब बघत होते, पण यांचं लक्ष एकमेकांकडे!

कारण विचारलं तर म्हणायचे, जास्त केलं तर दर कापतील, नाहीतर आपल्यातल्याच कुणाला तरी घरी बसवतील. संशोधकांना ही भीती काही तर्काला धरून वाटली नाही. बाहेर मंदी सुरू होती. 1932 च्या मे महिन्यात काम आटलं आणि खोलीला कुलूप लागलं.