अर्जित हिमोफिलिया : मार न लागता उठणारे काळेनिळे डाग

रायपूरच्या भनपुरीसारख्या औद्योगिक वसाहतीत अंगावर काळानिळा डाग दिसला, की तो कामावर लागलेल्या माराचा समजला जातो. बहुधा ते खरेही असते. मात्र मार लागल्याचे आठवत नसताना मांडीवर वा दंडावर तळहाताहून मोठे डाग पसरू लागले आणि रुग्ण साठी ओलांडलेला किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री असेल, तर अर्जित हिमोफिलियाची शंका घ्यायला हवी.

जन्मजात हिमोफिलिया आनुवंशिक असून तो मुख्यतः पुरुषांत आढळतो. अर्जित प्रकार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो व घराण्यात त्याचा इतिहास नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. ब्रिटनमधील पाहणीत दरवर्षी दहा लाख लोकांमागे सुमारे १.५ रुग्ण आढळले. जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. इतरांत कर्करोग, संधिवातासारखे स्वप्रतिकार विकार किंवा बाळंतपण हे निमित्त असते.

निदानाचा पहिला धागा साध्या तपासणीतच असतो : एपीटीटी वाढलेला, पण प्रोथ्रॉम्बिन टाइम व प्लेटलेटची संख्या योग्य. रक्तस्राव होत असताना असा अहवाल बाजूला ठेवणे घातक ठरते. पुढे रुग्णाचा व निरोगी व्यक्तीचा प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून ३७ अंश सेल्सिअसला दोन तास ठेवतात. केवळ घटकाची उणीव असेल, तर गोठण्याचा वेळ सुधारतो. प्रतिपिंडे असतील, तर सुधारत नाही. त्यानंतर आठव्या घटकाची पातळी मोजतात आणि बेथेस्डा चाचणीने प्रतिपिंडांचे प्रमाण ठरवतात. हे प्रमाण कमी असले, तरी रक्तस्राव जीवघेणा होऊ शकतो.

सर्वांत महागात पडते ती घाई. साकळलेले रक्त काढण्यासाठी सूज चिरणे, स्नायूत इंजेक्शन देणे, दुखण्यावर ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन देणे, यांपैकी काहीही रक्तस्राव वाढवू शकते. नेहमीचा आठवा घटक किंवा गोठवलेला प्लाझ्मा दिला, तरी प्रतिपिंडे त्याला बहुधा निष्प्रभ करतात. म्हणून आठव्या घटकाला वळसा घालणारी औषधे, म्हणजे सक्रिय सातवा घटक किंवा सक्रिय प्रोथ्रॉम्बिन संयुग, दिली जातात. ती महाग असतात आणि सर्वत्र मिळत नाहीत. त्यामुळे शंका येताच रुग्णाला रक्तविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात हलवणे श्रेयस्कर.

रक्तस्राव थांबवणे हा उपचाराचा अर्धाच भाग झाला. प्रतिपिंडे नाहीशी करण्यासाठी प्रेडनिसोलोन, गरजेनुसार त्याच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात. यामुळे प्रतिकारशक्ती घटते आणि वृद्धांना जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. बरे वाटल्यावरही विकार उलटू शकतो. म्हणून एपीटीटी व आठव्या घटकाची तपासणी पुढेही काही महिने चालू ठेवावी लागते.